सूर्य मावळला, पण कुणासाठी? कथेतलं न बोललेलं समलिंगी प्रेम कसं वाचावं

मंडळी, अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट नावाचा एक शास्त्रकार होऊन गेला. त्याच्या 'काव्यप्रकाशा'त तीन शब्दांचं एक वाक्य आहे: 'गतोऽस्तमर्कः', म्हणजे सूर्य मावळला. मम्मट सांगतो की हे एकच वाक्य गुराख्याने ऐकलं तर त्याला कळतं, गुरं घरी वळवायला हवीत. राबणाऱ्याला कळतं, आता काम थांबवावं. व्रतस्थाला कळतं, संध्येची वेळ झाली. आणि प्रियकराला भेटायला निघालेल्या स्त्रीला कळतं, आता निघायचं. वाक्यात गुरं नाहीत, काम नाही, संध्या नाही, प्रियकर तर नाहीच. तरीही यातला एकही अर्थ ऐकणाऱ्याने आपल्या मनाने घुसडलेला नाही. कोण बोललं, कुणाला, कुठे आणि केव्हा हे कळलं की तो अर्थ त्या तीन शब्दांतूनच निघतो.

आज आपण ज्याला सबटेक्स्ट म्हणतो त्याला आपल्याकडे हजार वर्षांपासून व्यंग्यार्थ हे नाव आहे. व्यंग्य म्हणजे उपहास नव्हे. शब्दाने सुचवलेला, थेट न सांगितलेला अर्थ. दोन पुरुषांमधलं किंवा दोन स्त्रियांमधलं प्रेम कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत फार मोठा काळ असंच सुचवून लिहिलं गेलं. ते वाचताना दोन टोकांचे लोक भेटतात. काहींना प्रत्येक मैत्रीत प्रेम दिसतं. काही जण म्हणतात, 'लिहिलेलं नाही ना, मग नाहीच.' दोघांनाही माझं एकच सांगणं आहे: व्यंग्यार्थ संहितेतून सिद्ध करून दाखवता येतो, आणि तो दाखवता आला पाहिजे. त्याची साधनं मम्मटानेच यादी करून दिली आहेत. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाची ढब म्हणजे काकू, वाक्य, त्याचा सरळ अर्थ, जवळ तिसरं कोण आहे, प्रसंग, जागा, वेळ, आणि हातवारे, नजर अशा चेष्टा.

या यादीतलं सगळ्यात मोलाचं कलम 'अन्यसंनिधी', म्हणजे तिसऱ्या माणसाची हजेरी. त्याचं उदाहरण म्हणून मम्मट एक प्राकृत गाथा देतो. एक सून शेजारणीला गाऱ्हाणं सांगते: सासू दिवसभर घरकामाला जुंपते, क्षणभर विसावा मिळाला तर संध्याकाळी मिळतो, नाहीतर तोही नाही. शेजारणीसाठी हे गाऱ्हाणंच आहे. पण जवळच उभ्या असलेल्या आणखी एकासाठी तो निरोप आहे: संध्याकाळी ये. शब्द एकच, कान दोन. समलिंगी प्रेमाचा व्यंग्यार्थ अगदी याच रचनेवर उभा राहतो. लेखक बोलतो त्या वेळी शेजारी तिसरा कुणीतरी उभा असतोच: कायदा, संपादक, सेन्सॉर, घरातली वडीलधारी मंडळी. तो तिसरा कोण होता आणि त्याला नेमकं काय ऐकू द्यायचं नव्हतं, हे शोधणं ही वाचनाची पहिली पायरी.

हॉलिवूडमध्ये या तिसऱ्या माणसाला कचेरी होती, टेबल होतं आणि छापील नियमावली होती. ती १९३० साली स्वीकारली गेली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती कडकपणे राबवली. लैंगिक 'विकृती' आणि तिची नुसती सूचनासुद्धा निषिद्ध, असं त्यात स्पष्ट कलम होतं. सूचनेवर बंदी! म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना व्यंजना, शब्दाची ही सुचवण्याची शक्ती, चांगलीच ठाऊक होती. हे कलम १९६१ मध्ये सैल झालं आणि १९६८ मध्ये सगळी नियमावली जाऊन तिच्या जागी वयानुसार वर्गवारी आली. मधल्या काळातला चित्रपट वाचायचा तर पटकथेबरोबर हे कलम डोळ्यासमोर ठेवावं लागतं.

याच काळातला एक प्रसंग सावकाश पाहू. 'रिबेका', १९४०, दिग्दर्शक हिचकॉक, मूळ कादंबरी डॅफ्ने द्यू मॉरिए यांची, १९३८ ची. मॅक्सिम द विंटर दुसरं लग्न करून मँडर्ली या आपल्या वाड्यावर परततो. पहिली बायको रिबेका मेली आहे. ती अख्ख्या चित्रपटात एकदाही दिसत नाही. तिची खोली पश्चिमेकडच्या बंद भागात आहे आणि वाड्याची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्सने ती होती तशी राखली आहे. नवी बायको एके दिवशी चोरून त्या खोलीत शिरते. मागोमाग डॅन्व्हर्स येते. आता तिच्या हातांकडे बघा. ती कपाटातून फरचा कोट काढते, त्याची बाही आधी स्वतःच्या गालावरून फिरवते आणि मग नव्या बायकोच्या गालाला लावते. हा कोट मॅक्सिमने नाताळात दिला होता, असं सांगते. मग खण उघडून रिबेकाची आतली वस्त्रं दाखवते: मठातल्या जोगिणींनी खास तिच्यासाठी शिवलेली. कितीही उशीर झाला तरी मी तिची वाट पाहत जागी असायची, असं म्हणते. नव्या बायकोला आरशासमोर बसवते आणि रिबेकाचे केस विंचरत असे तसा ब्रश फिरवल्यासारखं करते. शेवटी पलंगावरची, 'आर' हे अक्षर भरलेली पिशवी उचलते. ते भरतकाम तिचं स्वतःचं आहे. त्यातून रात्रीचा झिरझिरीत झगा काढते, आत हात घालते आणि म्हणते: बघा, यातून माझा हात दिसतो.

इथे कामाची पहिली कसोटी लावा. तिला मी 'जादा खर्चा'ची कसोटी म्हणतो. या प्रसंगाचं कथानकापुरतं काम काय? नव्या बायकोला आपण रिबेकापुढे कमी आहोत असं वाटायला लावणं. त्यासाठी भव्य खोली आणि उंची कोट पुरले असते. गालावर फिरवलेली बाही, वस्त्राच्या आत घातलेला हात आणि रात्र रात्र जागणं हा सगळा कथानकाच्या गरजेपलीकडचा खर्च आहे. लेखकाने गरजेपेक्षा जास्त खर्च जिथे केला तिथे पेन्सिलीने खूण करा. एखादी खूण योगायोग असू शकते. एकाच पात्राभोवती, एकाच दिशेने चार-पाच खुणा जमल्या तर तो योगायोग राहत नाही.

दुसरी कसोटी शेजारच्या जोडीची. कथेत ज्या दोघांचं प्रेम अधिकृत आहे त्यांना त्याच फुटपट्टीने मोजा. मॅक्सिमने रिबेकाचं काय जपलं? काहीच नाही. तो त्या खोलीपासून दूर, वाड्याच्या दुसऱ्या बाजूला राहतो. पती, पत्नी आणि कारभारीण या तिघांत शोक कोण करतं, वस्तू कोण सांभाळतं, मेलेल्या बाईच्या सवयी कुणाला पाठ आहेत? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येतं. ही तुलना कथेच्या आतच होते, म्हणून ती भक्कम असते. बाहेरच्या आपल्या आवडीनिवडी त्यात येत नाहीत.

ब्रीनच्या कार्यालयालाही हे दिसलं होतं. डॅन्व्हर्स आणि रिबेका यांच्यात तसल्या संबंधाची सूचनाही नको, अशी ताकीद त्यांनी आधीच दिली होती. तिच्या देहाचं वर्णन, कपडे हाताळणं आणि विशेषतः तो रात्रीचा झगा, यांवर त्यांचा आक्षेप होता. झगा तरीही पडद्यावर आलाच. पण चित्रपटाच्या शेवटी वाडा पेटतो, डॅन्व्हर्स आगीत राहते आणि अगदी अखेरच्या चित्रात ज्वाळा त्या 'आर' अक्षराच्या पिशवीला गिळतात. कादंबरीत ती आगीत मरत नाही, वाडा सोडून निघून गेलेली असते. हा फरक लक्षात ठेवा. त्या काळच्या अनेक चित्रपटांत असा इशारा खलपात्राला किंवा मरणाऱ्या पात्रालाच मिळाला, कारण शेवटी शिक्षा झाली की तिसऱ्या माणसाचं समाधान होई. म्हणून अशी पात्रं सापडली की आनंदाच्या भरात त्यांना लगेच नायिका करू नये. प्रेम खरं, आणि त्या प्रेमाला वाईटाच्या रांगेत बसवलं हेही तितकंच खरं. दोन्ही नोंदी वहीत हव्यात.

आता आपल्या जवळचं उदाहरण. इस्मत चुगताईंची 'लिहाफ' ही उर्दू कथा १९४२ मध्ये लाहोरच्या 'अदब-ए-लतीफ'मध्ये छापून आली. इथे मम्मटाच्या यादीतलं पहिलंच कलम, वक्ता, सगळं काम करतं. गोष्ट मोठी झालेली बाई सांगते, पण पाहिलेलं सगळं ती लहान असतानाचं आहे. भावांशी मारामाऱ्या करते म्हणून आई तिला बेगमजानच्या घरी ठेवून आग्र्याला जाते. नवाबसाहेबांना बायकोत रस नाही. ते गोऱ्या, बारीक कमरेच्या तरुण मुलांना घरी ठेवून घेतात, त्यांचं शिक्षण करतात. बेगमजानची मोलकरीण रब्बू तासन्‌तास तिला तेल लावून चोळत बसते. रात्री मुलीला जाग येते आणि भिंतीवर लिहाफची, म्हणजे रजईची, सावली हलताना दिसते. तिला वाटतं, आत हत्ती कोंडलाय.

हत्ती हा शब्द फार नेमका आहे. मुलीला जे दिसतं तेच ती सांगते: आकार, हालचाल, आवाज. नाव तिला ठाऊक नाही. जे नाव वाचकाला ठाऊक आहे ते कथेत कुठेच नाही. अजाण निवेदकाची ही युक्ती वापरायची तर एक पथ्य पाळावं लागतं: निवेदकाच्या वयाला न कळणारा एकही शब्द त्याच्या तोंडी येता कामा नये. एकदा जरी मुलगी 'ओढ' किंवा 'आसक्ती' म्हणाली तरी सगळी इमारत कोसळते. रजईच्या प्रसंगांत चुगताई हे पथ्य शेवटच्या ओळीपर्यंत पाळतात. दिवा लागतो, रजईचा कोपरा फूटभर उचलला जातो, आणि मुलगी आपल्या अंथरुणात बुडी मारते. मुलीला त्या घरात भीती वाटते, ती भीतीही कथेत खरी आहे. केवळ प्रेमकथा म्हणून ही कथा गोड करून सांगणं हा तिच्यावरचा अन्याय आहे.

कथेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, लाहोरच्याच न्यायालयात. तिथे काय झालं ते चुगताईंनी आत्मकथनात लिहून ठेवलंय. कथेतला अश्लील शब्द दाखवा, असं साक्षीदाराला विचारलं. त्याने 'आशिक जमवण्या'चा उल्लेख काढला. वास्तविक ते वाक्य बेगमजानविषयी नाहीच. माझ्या वयाच्या इतर मुली आशिक जमवत होत्या तेव्हा मी मुलांशी भांडत होते, असं निवेदिका सुरुवातीला सांगते, तिथलं ते आहे. उलटतपासणीत साक्षीदाराला कबूल करावं लागलं की शब्द वाईट नाही, पण चांगल्या घरातल्या बाईने तो लिहू नये. बोट ठेवायला जागा न मिळाल्याने खटला टिकला नाही. सगळ्यांना अर्थ कळला होता आणि तो कुठल्या शब्दात आहे हे कुणालाच दाखवता येत नव्हतं. व्यंजनेची व्याख्या याहून चांगली न्यायालयात झालेली नसेल.

तिसरी कसोटी आवृत्त्यांची. ती कष्टाची आहे, पण तिच्यासारखा पुरावा दुसरा नाही. एकाच कृतीची दोन रूपं समोरासमोर ठेवायची आणि काय गाळलं ते पाहायचं. ऑस्कर वाइल्ड यांची 'डोरियन ग्रे' ही कादंबरी जुलै १८९० मध्ये 'लिपिंकॉट्स' मासिकात तेरा प्रकरणांत छापली गेली. छापण्याआधी संपादकाने वाइल्डना न सांगता सुमारे ५०० शब्द काढले होते. १८९१ मध्ये पुस्तक निघालं तेव्हा वीस प्रकरणं झाली आणि वाइल्डनी स्वतःही काही वाक्यं मवाळ केली. मासिकात चित्रकार बॅसिल डोरियनला सांगतो की माणूस मित्राला देतो त्याहून कितीतरी जास्त उत्कटतेने मी तुला पूजलं, आणि मी कधी एखाद्या स्त्रीवर प्रेम केलं नाही. पुस्तकात ही कबुली गेली आणि कलेच्या आदर्शाची भाषा आली. १८९५ मध्ये वाइल्डच्या खटल्यात प्रतिपक्षाचे वकील एडवर्ड कार्सन यांनी मुद्दाम मासिकातला मजकूर वाचून दाखवला. वकील आवृत्त्या ताडून आला होता, वाचकानेही ताडाव्यात. संपादकाने काढलेले शब्द २०११ मध्ये हार्वर्डने काढलेल्या आवृत्तीत परत आले आहेत, त्यामुळे हे काम आता घरबसल्या होतं.

चित्रपटात कधीकधी आवृत्तीऐवजी नवा चित्रपटच मिळतो. लिलियन हेलमन यांच्या १९३४ च्या 'द चिल्ड्रन्स अवर' नाटकात दोन शिक्षिकांचं एकमेकींवर प्रेम आहे, अशी अफवा एक विद्यार्थिनी उठवते. विल्यम वायलर यांनी १९३६ मध्ये त्याचा चित्रपट केला तेव्हा नावही बदलावं लागलं आणि अफवाही: ती एका शिक्षिकेची दुसरीच्या वाग्दत्त वराशी जोडली गेली. १९६१ मध्ये त्याच वायलरनी मूळ नावाने, मूळ अफवेसह चित्रपट पुन्हा केला. दोन्ही लागोपाठ पाहा. पहिल्यातही एका बाईची दुसरीवरची नजर काही ठिकाणी शिल्लक राहिलीच आहे.

आता चुका. सगळ्यात जास्त चुका संकेत न ओळखल्यामुळे होतात. एखादी गोष्ट त्या काळात, त्या प्रकारात सगळेच करत असतील तर ती खूण म्हणून मोजायची नाही. संगीत रंगभूमी घ्या. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन पुरुष रंगमंचावर प्रेमाची पदं गात होते. पण स्त्रीभूमिका पुरुषांनी करायची हा त्या रंगभूमीचा नियमच होता, म्हणून एवढ्यावरून नाटकाच्या संहितेत समलिंगी प्रेम शोधता येत नाही. बालगंधर्वांच्या देहबोलीचा आणि प्रेक्षकांच्या त्यावरच्या लोभाचा अभ्यास जरूर करावा. तो वेगळा विषय आहे. उर्दू गझलेत प्रिय व्यक्तीला पुल्लिंगी क्रियापद लावणं हाही संकेत. संतांच्या विरहिणीत पुरुष कवी स्त्री होऊन बोलतो, तोही संकेत. नियमाने सगळीकडे आलेली गोष्ट बाजूला ठेवा आणि एखाद्या कवीने त्या नियमापलीकडे पाऊल कुठे टाकलं ते शोधा.

आपल्याकडच्या मैत्रीच्या रीतीही इथे आडव्या येतात. गळ्यात हात टाकून चालणारे दोन मित्र आपल्या गावांत कुणाला वेगळे वाटत नाहीत. एका चादरीत झोपणं, एका ताटात जेवणं हेही नेहमीचं. पाश्चात्त्य चित्रपटातली फुटपट्टी इथे लावली तर निम्मी मराठी ग्रामीण कथा प्रेमकथा ठरेल. म्हणून स्पर्शापेक्षा स्पर्शाचं काय होतं ते वाचा. तिसरं माणूस आल्यावर हात काढून घेतला का? रोजचीच गोष्ट एके दिवशी सांगायची टाळली का? एकाचं लग्न ठरल्याची बातमी आल्यावर दुसऱ्याच्या वाट्याला लेखकाने शब्द दिले की फक्त एखादं काम दिलं, लाकडं फोडणं, मोटेवर जाणं? अन्यसंनिधी, प्रस्ताव म्हणजे प्रसंग, चेष्टा. मम्मटाची यादी इथे पुन्हा उपयोगी पडते.

उलट बाजूची चूकही तितकीच नुकसान करते. स्त्री-पुरुषाने एकमेकांकडे दोनदा पाहिलं की आपण प्रेम धरून चालतो, आणि दोन स्त्रियांसाठी मात्र लेखी कबुली मागतो. याला उपाय सोपा आहे. तोच उतारा घ्या, एका पात्राचं नाव आणि लिंग बदला, बाकी एक अक्षर बदलू नका, आणि माहिती नसलेल्या वाचकाला द्या. त्याला तो प्रेमप्रसंग वाटला तर मूळ उताऱ्याविषयीचा नकार संहितेतून आलेला नाही, वाचणाऱ्याच्या सवयीतून आलेला आहे.

शिवाय उघड लिहिलेलं सबटेक्स्टच्या खात्यात घालू नये. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये, १९८१ च्या नाटकात, मित्रा, म्हणजे सुमित्रा ही नायिका, आपल्याला बाईविषयी काय वाटतं हे आपल्या सोबत्याला, बापूला, स्वतःच सांगते. तिथे व्यंग्यार्थ शोधणं म्हणजे लेखकाने उघडलेलं दार पुन्हा लोटून फटीतून पाहणं.

जे लिहितात किंवा भाषांतर करतात त्यांच्यासाठी मराठीच्या दोन गोष्टी सांगतो. पहिली संबोधनाची. तुम्हीवरून तूवर येणं, आडनावावरून नावावर येणं, आणि चारचौघांत पुन्हा आडनावाकडे परतणं. इंग्रजीत तू-तुम्हीचा फरकच नाही, आपल्याला तो एका शब्दात साधतो. फक्त ती जागा एकदाच वापरा. प्रत्येक पानावर तू-तुम्हीची अदलाबदल झाली की वाचकाला ती मुद्रणदोषासारखी वाटते.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. इंग्रजीत 'मी' कोण हे शेवटपर्यंत झाकता येतं. मराठीत 'मी आलो' की 'मी आले' हे पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं, असं भाषांतरकार हताश होऊन म्हणतात. पण वाटा आहेत. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माला जुळतं: 'मी पत्र लिहिलं', 'तू दार उघडलंस', इथे लिंग दिसत नाही. 'मला वाटलं', 'मला आठवतं' सुरक्षित. 'मी येणार आहे' सुरक्षित, 'मी येणार होते' नाही. आदरार्थी 'त्यांनी', 'त्यांना' चालतात, 'त्याने', 'तिला' चालत नाहीत. फसवणारी क्रियापदं म्हणजे बोलणं, विसरणं, शिकणं, पिणं: ती सकर्मक असूनही 'मी विसरलो', 'मी चहा प्यायले' अशी कर्त्याला जुळतात. 'एकटा', 'दमलेली' अशी विशेषणंही घात करतात. त्याऐवजी 'माझ्याबरोबर कुणी नव्हतं', 'अंगात त्राण नव्हतं' असं लिहावं. मसुदा झाला की फक्त क्रियापदं आणि विशेषणं पाहत एकदा शेवटापासून मागे वाचत या, म्हणजे गोष्टीत गुंतून नजर चुकत नाही. आणि भविष्यकाळ तर पहिल्या-दुसऱ्या पुरुषात पूर्ण मोकळा आहे. 'सूर्य मावळला की मी येईन. तू थांबशील?'